फुटपाथवरची भट्टी

ख्रिसमसचं जेवण झाल्यावर सगळे बागेत खुर्च्या टाकून सुस्तावले होते, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागितलं.

हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण त्याचं वजन कळायला मर्डो काल्डर हा माणूस माहीत हवा. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं मेंढ्यांचं रान आहे. मेंढ्यांशी ते जेवढं बोलतात त्याच्या निम्मंही माणसांशी बोलत नाहीत, आणि जावयाशी त्याच्याही निम्मं. लग्न झाल्यापासून त्यांनी मला उद्देशून उच्चारलेली वाक्यं एका पोस्टकार्डावर आरामात मावतील, आणि त्यातलंही बरंचसं पोस्टकार्ड "फाटक लावून घे" यानेच भरेल. मी गावात वाढलेला, टाय लावून कचेरीत जाणारा. त्यांच्या लेखी मी माणूस आणि सामान यांच्या मधली काहीतरी वस्तू होतो.

"ऑगस्टात मला ऐंशी पूर्ण होतील," ते समोरच्या झाडाकडे बघत म्हणाले. मला वाटलं झाडालाच सांगताहेत. "दुकानातल्या व्हिस्कीचा कंटाळा आला. घरी करता येते म्हणतात. तू एवढा शिकलेला आहेस. कर की एक बाटली."

नायरीने, म्हणजे माझ्या बायकोने, पाव्हलोवा केकची बशी मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ 'नाही म्हण' असा होता.

"करतो," मी म्हणालो.

व्हिस्की कशी करतात याची मला सुतराम कल्पना नव्हती. पण त्या क्षणी सासऱ्यांनी विमान मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

आमच्या न्यूझीलंडात घरच्या घरी दारू गाळायला कायद्याची आडकाठी नाही. विकायची नाही, एवढीच अट. हे मुद्दाम सांगतो, कारण मी कायद्याचा माणूस आहे. ग्लेनावन नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या विभागाचा मी प्रमुख. गावात कुणाला गच्ची, पडवी, गॅरेज, धुराडं, काहीही उभारायचं असलं की तो माझ्या खिडकीशी मोठ्या उमेदीने येतो आणि नियमावली घेऊन जड पावलांनी परत जातो. लोक मला वचकून असतात. होते, असं म्हणायला हवं.

सबंध जानेवारी मी भट्टीमय झालो होतो. आंघोळ करताना मला वाफेच्या नळ्या दिसत. जेवताना मी काट्याने बटाट्यावर वेटोळी काढत असे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे नकाशे तपासत आलो. आता पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं उकळणार होतं. जाहिरातींत भट्ट्यांचे फोटो इतके देखणे असत की नायरी एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आपल्या लग्नाचा अल्बम तू इतक्यांदा नाही पाहिलास."

शेवटी मी सर्वांत छोटं यंत्र निवडलं. चहाच्या किटलीसारखं, ओट्यावर मावणारं, विजेवर चालणारं. वर पंखा, बाजूला इवलीशी चोच, चोचीखाली काचेचा जग. सुरुवात लहान असावी, असा माझा विचार.

"चूक," कुंपणापलीकडून क्लाइव्ह म्हणाला.

क्लाइव्ह पेटिग्रू आमचा शेजारी. निवृत्त भूगोल शिक्षक. जगातली कुठली गोष्ट कुठे असते हे त्याला पक्कं माहीत असतं. ती कशी असते याबद्दल तो अंदाजाने बोलतो, पण आवाज वर्गात शिकवतानाचाच ठेवतो. कुंपणावर कोपरं टेकून उभं राहणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग.

"त्या किटलीत स्कॉटलंड कुठून येणार?" तो म्हणाला.

किटलीत स्कॉटलंड आलं नाही. जे आलं त्याला नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास होता. पहिली धार फेकून द्यायची असते, हे मी वाचलं होतं आणि फेकलीही. पण या किटलीची पहिली धार संपून दुसरी केव्हा सुरू झाली ते तिला स्वतःलाही कळलं नसावं. मी एक थेंब जिभेवर ठेवला आणि लगेच तोंड नळाखाली धरलं. नायरी ऑफिसातून आली, दारातच थांबली, पुन्हा बाहेर गेली आणि बागेतून म्हणाली, "लॅकी, ते यंत्र माझ्या स्वयंपाकघरातून आत्ताच्या आत्ता निघालं पाहिजे. आणि त्याच्याबरोबर पडदेही."

भट्टी कपडे धुवायच्या खोलीत गेली. मी खचलो मात्र नाही. उलट मला ठामपणे कळलं की दोष माझ्यात नसून यंत्राच्या आकारात आहे. भट्टी वाढवायला हवी होती.

"उंच घे," क्लाइव्ह म्हणाला. "वाफ जितकी वर चढेल तितकी दारू शुद्ध. साधा नियम आहे. डोंगरावर हवा शुद्ध असते की नाही?"

इतका सुटसुटीत युक्तिवाद मला खोडता आला नाही. मी एक उंच खांबवाली भट्टी मागवली. खाली पोलादी पिंप, वर नळीचा लखलखीत खांब, खांबात तारेच्या जाळीचे बोळे, टोकाला थंड पाण्याची नळी. खोकं उघडताना मी कात्री शोधायलाही थांबलो नाही. मी ती जोडून पिंपावर चढवली आणि खांबाचं टोक छताला टेकलं. टेकलं म्हणजे छतात गेलं.

मग ती बागेतल्या शेडमध्ये हलवली. शेडचं छतही कमीच पडलं. आता, छताला भोक पाडून त्यावर टोपी बसवणं हे धुराडं ठरतं की वायुवीजन, हा आमच्या विभागातला जुना वाद आहे. मी त्यावर एकदा चांगलं लांबलचक टिपण लिहून धुराड्याच्या बाजूने निकाल दिला होता. त्या शनिवारी शिडीवर उभा राहून, हातात करवत घेऊन, मी स्वतःचं मत बदललं. वायुवीजन.

पाण्याचा आणखी एक घोळ होता. फेब्रुवारीत गावात पाणी कमी, नळीने पाणी सोडायला बंदी, आणि ती नोटीस माझ्या शेजारच्या टेबलावरून निघालेली. म्हणून मी सासऱ्यांच्या रानातून जुना न्हाणीचा टब आणला, ज्यात मेंढ्या पाणी पीत, आणि छोटा पंप लावून तेच तेच पाणी भट्टीतून फिरवलं. तासाभरात टबातलं पाणी छान कोमट झालं. मी शेडमधून बाहेर येऊन पाहतो तर क्लाइव्ह कुंपण ओलांडून आलेला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून टबात पाय सोडून बसलेला.

"संधिवाताला उत्तम," तो म्हणाला. "तू चालू ठेव."

त्या दिवशी खांबातून जे थेंब पडले ते पाहून मला नाचावंसं वाटलं. स्वच्छ, निर्मळ, झऱ्यासारखे. वास घेतला. वास नव्हता. पाणी घालून चव घेतली. चवही नव्हती. एक सुरसुरीत ऊब तेवढी घशातून खाली गेली आणि काहीही न सांगता विझली.

नायरी शेडच्या दारात बसून भट्टीबरोबर आलेली माहितीपुस्तिका वाचत होती. खोकं उघडल्यापासून ती पुस्तिका मी उघडलीही नव्हती. "लॅकी," ती म्हणाली, "पहिल्याच पानावर लिहिलंय. 'ही भट्टी धान्याचा सर्व वास आणि चव पूर्णपणे काढून टाकते.' म्हणजे तू सातू दळून, भिजवून, आंबवून त्याची चव काढून टाकलीस?"

"पूर्णपणे," मी म्हणालो. निदान काम चोख झालं होतं.

त्या दारूने नायरीने घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. आमच्या रस्त्यावर तशा खिडक्या दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. दोन दिवसांत तीन चिमण्या येऊन आपटल्या.

आता मला खरं काय ते कळलं. व्हिस्कीला खांब नको. तिला हवा तांब्याचा बसका हंडा, ज्याची मान हंसासारखी वाकलेली असते, आणि ज्यातून धान्याची चव वाफेला धरून पलीकडे जाते. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि उगाचच घरभर एक फेरी मारून आलो. दोन चुकीच्या भट्ट्यांनंतर योग्य भट्टी कळण्यात जो आनंद आहे तो पहिल्याच फटक्यात योग्य भट्टी घेणाऱ्याला कधी कळायचा नाही.

नवा तांब्याचा हंडा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. पण सासऱ्यांच्या रानात, लोकर कातरायच्या शेडमागे, नायरीच्या पणजीचा कपडे उकळायचा तांब्याचा हंडा पालथा पडला होता. मी विचारलं, "नेऊ का?" सासरे म्हणाले, "ने." मग बऱ्याच वेळाने, मी गाडीत बसल्यावर, "फाटक लावून घे."

"त्यात माझी लंगोटं उकळलीत," नायरी म्हणाली.

"तुझ्याच वडिलांना त्यातली व्हिस्की प्यायचीय."

"त्यांचीही त्यातच उकळलीत."

मी तो हंडा व्हिनेगर आणि मिठाने इतका घासला की त्यात मला माझा चेहरा दिसू लागला, फुगलेला आणि अतिशय सुखी. गावातल्या नळकाम करणाऱ्याकडून त्याला तांब्याचं झाकण, वाकडी मान आणि वेटोळ्याची नळी करून घेतली. शेडमधल्या गॅसच्या शेगडीवर हंडा चढवला तेव्हा मी दार लावून थोडा वेळ नुसता बसलो होतो. देवळात बसतात तसा.

पहिला घाणा तळाला लागला. सातूचं पिठूळ आंबवण न गाळता तसंच ओतलं होतं. खीर लागते तसं ते लागलं आणि त्याचा वास रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोचला. क्लाइव्हची बायको दोन दिवस माहेरी गेली. दुसऱ्या घाण्याला मी आंबवण नीट गाळून घेतलं आणि मग जे पडलं त्याला, देवाशपथ सांगतो, वास होता. भाजक्या सातूचा, मधाचा, किंचित भिजल्या गवताचा. फार थोडं पडलं, जेमतेम एक पेला, कारण झाकणाच्या सांध्यातून निम्मी वाफ बाहेर जात होती. पण ते व्हिस्कीच्या घराण्यातलं होतं. ते घेऊन मी नायरीला शोधत धावत गेलो. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"बाबांना आवडेल," ती म्हणाली. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तेव्हा मेअखेर होती. मोठा घाणा काढायचा आणि ऑगस्टपर्यंत ओकच्या छोट्या पिंपात मुरवत ठेवायचा, असा बेत ठरला. मी भरपूर सातू भिजवले. आंबवण बुडबुडायला लागलं. आणि ब्रायोनी आली.

ब्रायोनी माझ्याच विभागात, माझ्याच हाताखाली काम करते. तिला टेप कशी धरायची इथपासून मी शिकवलं. ती आमच्या फाटकात उभी होती, हातात तीच टेप, अंगावर नगरपालिकेचं पिवळं जाकीट, आणि चेहऱ्यावर माणूस आपल्या साहेबाच्या घरी तपासणीला आल्यावर जे भाव असतात ते.

"लॅकलन, तुमच्या शेडबद्दल विचारणा आलीय," ती म्हणाली. "धुराड्याबद्दल."

"वायुवीजन," मी म्हणालो.

"तुमच्याच टिपणात धुराडं म्हटलंय. मी वाचून आले." तिने कुंपणापासून शेडपर्यंत टेप धरली. "आणि शेगडी असलेली शेड हद्दीपासून इतक्या जवळ चालत नाही. हेही तुमचंच."

"कुणी तक्रार केली?"

"ते मला सांगता येत नाही," ब्रायोनी म्हणाली.

"तक्रार नाही, चौकशी केली," शेडच्या बाजूने क्लाइव्ह म्हणाला. "मी नुसतं विचारलं, अशा शेडला परवानगी लागते का. तुझ्याच भल्यासाठी. म्हटलं तुझा परवाना लवकर निघेल."

मी क्लाइव्हकडे पाहिलं. त्याचे पाय त्या वेळीही माझ्या टबात होते.

शेड हलवणं भाग होतं. ती घरापुढच्या कोपऱ्यात होती आणि न्यायची होती मागच्या परसात; पण एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला गॅरेज, मधून मांजरही तिरकं होऊन जातं. एकच वाट उरली. शेड अख्खीच्या अख्खी उचलून, ओंडक्यांच्या घसरगाडीवर ठेवून, पुढच्या फाटकातून रस्त्यावर काढायची आणि वळसा घालून मागच्या गल्लीतून आत घ्यायची. आमच्याकडे लोक घरंही अशीच हलवतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नायरीने वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "ट्रॅक्टर आणतो," आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी गवतावर जाड दहिवर पडलं होतं. सासरे ट्रॅक्टरवर बसून आले, त्यांनी साखळी बांधली आणि ओढायला लागले. शेड हलली. मी पुढे उलटा चालत दोन्ही हातांनी खुणा करत होतो. या कामातलं माझं ज्ञान अधिकृत होतं; फाटकाची रुंदी मी स्वतः मोजली होती, शेडचीही मोजली होती. छपराच्या कडा मोजायच्या राहिल्या, इतकंच.

कर्रर्र असा आवाज झाला आणि शेड थांबली. निम्मी आमच्या आवारात, निम्मी फुटपाथवर, आणि फाटकाच्या दोन सिमेंटच्या खांबांमध्ये बाटलीतल्या बुचासारखी घट्ट.

"आणखी ओढतो," सासरे म्हणाले.

"नको," मी म्हणालो. "खांब पडेल."

"पडू दे."

"तो खांब मी स्वतः बांधलाय, मर्डो. नियमाप्रमाणे."

सासऱ्यांनी ट्रॅक्टर बंद केला. आणि त्या शांततेत शेडच्या आतून बुड-बुड थांबल्याचं मला जाणवलं. आंबवण तयार झालं होतं. आजच गाळायला हवं होतं. चार दिवस तसंच ठेवलं तर आंबट होणार, आणि नव्याने सुरुवात केली तर ऑगस्टपर्यंत ओकमध्ये मुरायला वेळच उरणार नव्हता. मी नायरीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बाजूला सासरे हात खिशात घालून आभाळ बघत उभे होते.

"पेटव," नायरी म्हणाली. "पण एक अट. शेगडी ज्याच्या हातात, त्याने थेंबही प्यायचा नाही."

आयुष्यात इतका हरखून मी कधी गेलो नव्हतो. शेडची दोन्ही दारं सताड उघडली. हंडा भरला, झाकण बसवलं. सांध्यातून वाफ जाऊ नये म्हणून नायरीने स्कोनसाठी, म्हणजे चहाबरोबरच्या छोट्या पावांसाठी, मळलेली कणीक आणली आणि मी ती मानेभोवती चोपून लावली. क्लाइव्हने त्याच्या नळाचं पाणी टबात सोडलं आणि पहिली जागा धरली. थंडी इतकी होती की टबातून वाफा यायला लागल्यावर समोरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन आल्या. कुणीतरी भाजलेले चीज रोल आणले. फुटपाथवरून जाणाऱ्यांना शेडमुळे रस्ताच नव्हता, त्यामुळे जो येई तो थांबे, आणि थांबलेला माणूस मत देई.

"आच मोठी आहे."

"आच लहान आहे."

"माझा काका असंच करायचा. त्याचं छप्पर उडालं."

पहिलं गाळप सकाळी झालं. दुपारी तेच पुन्हा हंड्यात ओतून दुसरं लावलं. पहिली धार मी सगळ्यांदेखत गटारात ओतली, तेव्हा गर्दीतून एक हळहळ उठली. मग मी थांबलो. प्रत्येक काही थेंबांना बोट लावून वास घेत राहिलो. औषधाचा वास, औषधाचा वास, जरा कमी, आणि मग अचानक सातू. भाजलेले, गोड, उबदार सातू. मी जग बदलला आणि ओरडणारच होतो, पण सासरे बघत होते म्हणून नुसता खाकरलो.

त्याच वेळी पिवळं जाकीट दिसलं. शनिवार असूनही ब्रायोनी आली होती. फुटपाथ अडवल्याचा फोन तिला गेला होता. तिने शेडला एक फेरी घातली. मी टाय शोधण्यासाठी गळ्याकडे हात नेला. टाय नव्हता, कणीक होती.

"फुटपाथवर दारू पिता येत नाही," ती विचार करत म्हणाली. "गाळण्याबद्दल मात्र नियमात काही नाही."

"नाही," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

तिने खिशातून खडू काढला आणि शेडच्या जमिनीवर, बरोबर हद्दीच्या रेषेत, एक सरळ रेघ ओढली. "या बाजूला खाजगी जागा. प्यायचं असेल त्याने इकडे यायचं. तिकडे नुसतं बघायचं."

हंडा तिकडे आला आणि जग इकडे. माणसं एकेक करून रेघ ओलांडून आत येऊ लागली, पाणी घातलेला घोटभर घेऊन पुन्हा रेघेपलीकडे जाऊ लागली. इतकी शिस्तबद्ध दारू ग्लेनावनमध्ये कधी प्यायली गेली नसेल. मला गर्दी आवरायची नव्हती. आच आवरायची होती. दोन बाटल्या भरतील एवढीच व्हिस्की पडणार होती आणि ती पिंपासाठी राखायची होती, हे मी मधूनमधून सांगत होतो. सगळे मान डोलावत होते आणि पेला पुढे करत होते. मानेभोवतीची कणीक खरपूस भाजली गेली होती. क्लाइव्ह ती तुकड्या-तुकड्यांनी तोडून खात होता आणि मी मागून नवी लावत होतो.

सासरे सगळ्यात शेवटी आले. त्यांनी टोपी काढली, रेघ ओलांडली, पेला घेतला. वास घेतला. प्याले. मी शेगडीपाशी गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटांकडे बघत होतो. वर बघायची हिंमत नव्हती. बूट हलले नाहीत. मग त्यांचा हात खाली आला, पेला पुढे धरून.

"आणखी," ते म्हणाले.

त्यांनी तिसरा पेला घेतला तेव्हा मी मोजणं सोडून दिलं.

धार संपली, वास ओल्या गोणपाटासारखा येऊ लागला, मी शेगडी बंद केली. हंडा निवला. उजेड उतरत होता आणि ब्रायोनी घड्याळ बघत होती. फुटपाथ रात्रभर अडवून ठेवता येणार नाही, हे तिने दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती माझ्यासारखीच दिसली.

"चला," नायरी म्हणाली. "बाबा, ट्रॅक्टर."

सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती माझ्यापुढे धरली. "मी प्यायलोय," ते म्हणाले. "तू चालव."

आजूबाजूला पाहिलं तेव्हा लक्षात आलं. ब्रायोनी ड्यूटीवर होती, पण तिला ट्रॅक्टर येत नव्हता. बाकी सगळ्या रस्त्यात न प्यायलेला माणूस मीच एक होतो. ज्या व्हिस्कीसाठी मी ख्रिसमसपासून झटलो तिचा थेंब न चाखलेला ग्लेनावनमधला एकमेव इसम.

मी ट्रॅक्टरवर चढलो. सासरे बाजूच्या पत्र्यावर बसले, दोन बोटांनी माझ्या खांद्याला धरून. साखळी ताणली गेली. खांब करकरला.

"लॅकी," नायरीने खालून सांगितलं, "तो खांब मला पहिल्यापासून आवडत नाही."

मी पाय दाबला. खांब सावकाश, मोठ्या अदबीने आडवा झाला आणि शेड सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे काही बोलले नाहीत, पण वळणावर "डावीकडे" म्हणाले आणि गल्लीत "हळू," आणि परसात शेड जागेवर टेकली तेव्हा पोस्टकार्डाची दुसरी बाजूही भरत आली होती. ब्रायोनीने टेप धरली. घरापासून, कुंपणापासून, मागच्या हद्दीपासून. मग तिने जाकीट काढून हातावर टाकलं, म्हणजे तपासणी संपली, आणि पेला मागितला.

पेल्यात घालायला काही नव्हतं. जग कोरडा होता. मी तो उलटा केला, हलवला, आत बघितलं.

"तुझ्यासाठी थोडी बाजूला ठेवली होती," नायरी म्हणाली. "पण क्लाइव्हचा पाय फार दुखत होता."

"चोळली?"

"नाही. प्यायला."

मी शेडच्या पायरीवर बसलो. ओकचं पिंप रिकामं, ऑगस्ट तोंडावर, फाटक मोडलेलं, आणि तोंडात कणकेशिवाय कशाचीच चव नाही. तरी मला वाईट वाटत नव्हतं, हे मात्र नोंदवून ठेवतो. माझ्या भट्टीतली व्हिस्की पिऊन अख्खा रस्ता घरी गेला होता, आणि जाताना एकानेही मत दिलं नव्हतं.

सासरे शेजारी येऊन बसले. त्यांनी हनुवटीने तांब्याच्या हंड्याकडे खूण केली.

"लहान आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी ते पुन्हा आले. पिकअपच्या मागे पोत्यांत गुंडाळलेला, दोन माणसांनी कवेत घ्यावा असा एक हंडा होता. कुणाच्या लिलावातून, कुठून, कधीचा, विचारायची सोय नव्हती. आम्ही तो शेडपाशी नेला. तो दारातून जाईना. आडवा केला, तिरका केला, तरी जाईना.

सोमवारी मी माझ्याच कचेरीत, माझ्याच खिडकीसमोर, खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा होतो. नियमाप्रमाणे स्वतःचा अर्ज स्वतः तपासता येत नाही. हाही नियम माझाच. मागे सासरे टोपी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. ब्रायोनीने दाराची जुनी रुंदी विचारली, नवी विचारली आणि मग लेखणी उचलून विचारलं, "इमारतीचा वापर?"

सगळी कचेरी कान टवकारून बसली होती. प्रतिष्ठेला धरून काहीतरी सांगावं म्हणून मी शब्द शोधत होतो. साठवण, म्हणावं. किंवा छंदगृह.

"लिही, पोरी," माझ्या खांद्यामागून सासरे म्हणाले. "जावई गाळतो. सासरा पितो."

ब्रायोनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि तिने तसंच लिहिलं.